शेतात उतरण्यापूर्वी

शोधनिबंधातलं सर्वांत रटाळ प्रकरण कोणतं, असं एखाद्या पदव्युत्तर वर्गात विचारून पाहा. बहुतेक जण ‘संशोधनपद्धती’चं नाव घेतील. प्रबंध सादर करायची तारीख जवळ आली की हे प्रकरण सगळ्यांत शेवटी, घाईघाईने, आधीच्या वर्षीच्या कुणाच्या तरी प्रबंधातली वाक्यं फिरवून उरकलं जातं. आणि तरीही आख्ख्या प्रबंधात हे एकच प्रकरण असं आहे, जे लिहायला बसल्यावर सुधारता येत नाही. प्रास्ताविक पुन्हा लिहिता येतं, निष्कर्षांची मांडणी बदलता येते, मार्गदर्शकांनी सांगितलं तर संदर्भसाहित्याचा निम्मा आढावा काढून टाकता येतो. पद्धतीच्या प्रकरणात मात्र आपण काय केलं तेवढंच सांगायचं असतं, आणि केलं ते केलं. माणसं चुकीची निवडली असतील, एकाच प्रश्नाचे दोन अर्थ निघत असतील, मोजण्याचं माप गावागणिक बदललं असेल, तर भाषा कितीही घोटली तरी त्यातलं काहीच भरून निघत नाही.

हे पुस्तक त्या आधीच्या काळाविषयी आहे. विषय मनात आल्यापासून पहिली नोंद हातात पडेपर्यंतचे जे आठवडे किंवा महिने असतात, त्यांत काय ठरवायचं, कसं ठरवायचं आणि ठरवलेलं कुठे लिहून ठेवायचं, हा त्याचा विषय. शास्त्रीय लेखनाचे वर्ग सहसा परिच्छेद, संदर्भसूची आणि सारांश यांपासून सुरू होतात. माझ्या मते लेखन त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. निबंधात पुढे कोणतं वाक्य लिहिण्याचा आपल्याला अधिकार असेल आणि कोणतं नसेल, हे माहिती गोळा करण्याच्या आराखड्यातच ठरून जातं. पुढच्या प्रकरणांत याचे तपशील येतील. इथे काही खऱ्या उदाहरणांवरून हा विषय एवढा महत्त्वाचा का, ते सांगतो.

जानेवारी १९३८मध्ये कलकत्त्याला पहिली भारतीय संख्याशास्त्र परिषद भरली. अध्यक्ष होते रोनाल्ड फिशर. इंग्लंडमधल्या रोदमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रावर काम करताना प्रयोगांच्या आखणीचं शास्त्र ज्यांनी उभं केलं, तेच हे फिशर. प्रयोग आटोपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे सल्ल्याला जाणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणं, प्रयोग कशाने मेला एवढंच तो सांगू शकेल, अशा आशयाचं त्यांचं प्रसिद्ध विधान या परिषदेतलं आहे. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते आजही येतं. ते कलकत्त्यात केलं गेलं, हे मात्र आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना क्वचितच ठाऊक असतं.

ते तिथे केलं जाणं फार योग्य होतं, कारण त्याच सुमारास संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमधल्या तागाच्या पिकाचा अंदाज नमुना पाहणीने कसा बांधायचा, या कामात गुंतले होते. त्यांनी १९३७ साली लहान पथदर्शी पाहणीने सुरुवात केली, दरवर्षी व्याप वाढवत नेला आणि सगळ्या बंगाल प्रांताची पाहणी केली ती १९४१ साली. मधली वर्षं त्यांनी कशात घालवली? एका तुकड्याची मोजणी करायला किती वेळ आणि किती पैसा लागतो, तुकडा लहान-मोठा केला तर अंदाज किती हलतो, माणसांची चूक केवढी असते, हे शोधण्यात. एकाच भागात दोन स्वतंत्र पथकं पाठवून त्यांचे आकडे ताडून पाहायची त्यांची युक्ती पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीतही आली. दोन पथकांचे आकडे जुळले नाहीत, तर त्यातला काही फरक निसर्गाचा असतो आणि काही मोजणाऱ्याचा. तो वेगळा काढायचा असेल, तर दुसरं पथक आधीच नेमलेलं हवं. पीक कापून झाल्यावर ते नेमता येत नाही.

याच कामातून आपल्या देशातला एक अत्यंत बोधप्रद शास्त्रीय वाद उभा राहिला. त्याची दुसरी बाजू लढवली ती सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांनी. लंडनहून संख्याशास्त्राची डॉक्टरेट घेऊन परतलेले सुखात्मे भारतीय कृषी संशोधन परिषदेत धान्यपिकांच्या उत्पादनाच्या पाहण्या आखत होते. दोघांचाही प्रश्न एकच होता. शेतातला एक तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं आणि त्यावरून एकरी उत्पादन काढायचं. पण हा तुकडा केवढा घ्यायचा? महालनोबिस यांचं पथक फिरतं होतं, खास प्रशिक्षण दिलेलं होतं आणि त्याला थोड्या दिवसांत पुष्कळ शेतं पाहायची असत. म्हणून त्यांनी काही फूट त्रिज्येचे लहान गोल तुकडे पसंत केले. सुखात्मे यांना महसूल आणि शेती खात्याच्या जागेवरच्या कर्मचाऱ्यांकडून काम करून घ्यायचं होतं. त्यांचा आग्रह मोठ्या आयताकृती तुकड्याचा होता.

सुखात्मे यांनी वेगवेगळ्या आकारांचे तुकडे प्रत्यक्ष कापून पाहिले आणि १९४६ साली ‘नेचर’मध्ये लहानसा लेख लिहिला. तुकडा जसजसा लहान, तसतसं एकरी उत्पादन फुगलेलं दिसत होतं. कारण साधं होतं. तुकड्याच्या कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा पेच पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे झुकतो. आता कडेचा हिशोब करून पाहा. २ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस फूट आणि परीघही सुमारे साडेबारा फूट, म्हणजे दर चौरस फुटामागे १ फूट कड. ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद आयतात दर चौरस फुटामागे कड येते जेमतेम सव्वादोन इंच. झुकणारा हात तोच, पण चुकायच्या जागा पाचपटीहून जास्त. शिवाय प्रत्येक जण एकाच दिशेने चुकत असल्यामुळे असे हजार तुकडे कापले तरी ती चूक कमी होत नाही, फक्त ती अधिक ठामपणे मांडता येते. नमुना चौपट केला की योगायोगाने येणारी चूक निम्म्यावर येते, हे खरं. एका बाजूला झुकलेलं माप मात्र नमुना कितीही वाढवला तरी सरळ होत नाही. हा फरक ज्या विद्यार्थ्याला माहिती गोळा करण्याआधी कळला, त्याचे निम्मे कष्ट वाचले.

महालनोबिस यांच्या बाजूनेही बोलण्यासारखं होतं. चांगलं साधन आणि तयार माणसं असतील, तर लहान तुकड्यात वेळ आणि पैसा दोन्ही वाचतो आणि त्यात आणखी शेतं बघून होतात. म्हणजे तुकड्याचा आकार हा निव्वळ भूमितीचा प्रश्न नव्हता. मोजणार कोण, त्याला किती शिकवलं आहे, तो पगार कुणाचा घेतो आणि दिवसाकाठी किती चालू शकतो, हे सगळं त्यात होतं. पुस्तकातून उचललेली पद्धत आपल्या माणसांना आणि आपल्या वेळापत्रकाला झेपेल का, हा विचार आराखड्यात यायलाच हवा, तो यासाठी.

आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ‘पीक कापणी प्रयोग’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. खरीप २०१६पासून आलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेने ते शब्द घरोघरी नेले. यादृच्छिक आकड्यांवरून शेत निवडायचं, नैऋत्य कोपऱ्यापासून पावलं मोजत जाऊन तुकड्याची जागा ठरवायची, अनेक पिकांसाठी १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा आखायचा, मग कापणी, मळणी आणि वजन. महसूल मंडळाची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या खाली गेली की भरपाई, वर राहिली की काही नाही. अशा वेळी कडेवरची चार रोपं आत आली की बाहेर राहिली, हा प्रश्न थेट घरात येणाऱ्या पैशाचा होतो. नैऋत्य कोपराच का, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. कोपरा आधी ठरवून दिला नाही, तर माणूस बांधावर उभा राहून चांगलं पीक बघतो आणि तिकडे चालू लागतो, किंवा हेतू उलटा असेल तर वाळलेलं बघून चालू लागतो.

शेतातून घरात आलं की मापाऐवजी प्रश्न हेच साधन होतं, आणि प्रश्नाचीही कड झुकते. ‘तुमच्या घरी गेल्या ३० दिवसांत किती तांदूळ लागला?’ आणि ‘गेल्या ७ दिवसांत किती लागला?’ यांची उत्तरं एकाच हिशोबात बसायला हवीत, असं आपल्याला वाटतं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या नव्वदच्या दशकातल्या काही फेऱ्यांमध्ये उलटंच दिसलं. आठवड्याचा प्रश्न विचारला की घरचा खप जास्त दिसतो आणि खप जास्त दिसला की गरीब कमी होतात. त्यानंतर १९९९-२०००च्या ५५व्या फेरीत अन्नपदार्थांसाठी दोन्ही कालावधी एकाच कुटुंबाला, एकाच पत्रिकेत, शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले गेले. आठवड्याचा आकडा सांगितल्यावर महिन्याचा आकडा त्याच्याशी जुळवून सांगण्याकडे माणसाचा कल असणारच. त्या फेरीवरून काढलेलं देशातल्या गरिबीचं अधिकृत प्रमाण २६ टक्क्यांच्या आसपास आलं. १९९३-९४मध्ये ते ३६ टक्के होतं. घटीचा किती भाग खरा आणि किती पत्रिकेचा, यावर नामवंत अर्थशास्त्रज्ञ कित्येक वर्षं वाद घालत राहिले, चतुर दुरुस्त्या सुचवत राहिले. सव्वा लाखाच्या घरात कुटुंबं पाहिली गेली होती, त्यामुळे नमुना लहान होता असं कुणी म्हणणार नाही. अडचण एका पानावरच्या दोन रकान्यांची होती, आणि पत्रिका छापखान्यात गेल्यावर ती सोडवणं कुणाच्याही हातात उरलं नव्हतं.

मोजण्याच्या मापाइतकाच महत्त्वाचा असतो तो मोजायचं कुणाला हा प्रश्न. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यानंतर ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली त्यांचा स्त्रियांच्या आजारांवरचा अभ्यास आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांना आढळलं, की ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. या आकड्याने जगाचं लक्ष वेधलं. त्याचं बळ येतं ते स्त्रिया कुठून आल्या यातून. हाच अभ्यास दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात केला असता, तर दुखणं घेऊन आलेल्या बायकांमध्ये दुखणं सापडलं, एवढंच म्हणता आलं असतं. गावातल्या, तक्रार असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही स्त्रियांना बोलावल्यामुळे ‘गावातल्या स्त्रियांमध्ये’ असे शब्द लिहिण्याचा हक्क मिळाला. तो हक्क लेखनशैलीतून आला नाही, तपासणी सुरू होण्याआधीच्या निर्णयातून आला.

याच संस्थेचा घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूत ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी आणि उपचार करत होत्या, तुलनेसाठी ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. संशोधनाच्या विद्यार्थ्याने या निबंधात सर्वांत आधी पाहावं ते वेळापत्रक. सेवा सुरू करण्यापूर्वी १९९३ ते १९९५ या काळात दोन्ही भागांतले जन्म आणि मृत्यू नोंदवले गेले. सुरुवातीची पातळी माहीत नसती, तर घट कशाच्या मानाने झाली हे सांगता आलं नसतं. शिवाय जन्म-मृत्यूची नोंद एकाच व्यक्तीच्या वहीवर सोडली नव्हती. गावातल्या नोंदी वेगळ्या होत आणि ठरावीक काळाने घरोघरची स्वतंत्र पाहणी करून त्या ताडल्या जात. जन्मल्यावर काही मिनिटांत गेलेलं बाळ घरचे लोक सहज ‘मेलेलंच जन्मलं’ म्हणून सांगतात, किंवा सांगतच नाहीत. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, मग ते मूल कोणत्या गावात मोजायचं? अशा प्रश्नांची उत्तरं पहिलं बाळ जन्मण्याआधी लिहून ठेवावी लागतात. नाही तर प्रत्येक नोंदणारी आपल्या समजुतीप्रमाणे ठरवते, आणि शेवटी मृत्युदराऐवजी त्या समजुतींची सरासरी निघते.

एवढ्या मोठ्या उदाहरणांनी एखाद्या विद्यार्थिनीला दडपण येईल, म्हणून तिच्या आवाक्यातलं एक कल्पित उदाहरण घेऊ. बीड जिल्ह्यातली एक विद्यार्थिनी ‘ऊसतोड कामगारांच्या मुलींचे शिक्षण: एक अभ्यास’ असा विषय घेऊन मार्गदर्शकांकडे येते. या शीर्षकात विषय आहे, प्रश्न नाही. तिला बोलतं केलं की प्रश्न हळूहळू दिसू लागतो. आईबाप तोडीला गेल्यावर आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहिलेल्या मुली आणि फडावर सोबत गेलेल्या मुली, यांच्या शाळेतल्या हजेरीत हंगाम संपल्यावर काय फरक पडतो? आता मोजता येईल असं काही हाती लागलं.

लगेच पुढचे पेच येतात. ती जानेवारीत गावात गेली तर निम्म्या घरांना कुलूप असेल आणि जे भेटतील ते मागे राहिलेलेच असतील, म्हणजे पाहणीचा महिनाच तिचा नमुना ठरवून टाकेल. एकक कोणतं धरायचं? मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोचा एक कोयता असतो, जनगणनेत एका चुलीवर जेवणारं कुटुंब असतं आणि शाळेच्या हजेरीपटात एकेक मुलगी असते. या तीन याद्या एकमेकींवर बसत नाहीत. हजेरीपटावरची ‘उपस्थित’ ही खूण शिक्षकाने केलेली असते, ती दुसऱ्या कशाने तरी ताडावी लागेल. धाकट्या भावंडांना सांभाळायला बहुधा थोरल्या मुलीलाच सोबत नेतात, तेव्हा दोन्ही गटांतल्या मुली वयाने आणि घरच्या जबाबदारीने आधीपासूनच वेगळ्या असतात. मुलाखतीच्या वेळी मुकादम शेजारी बसला असेल, तर उचलीच्या, म्हणजे त्याच्याकडून आगाऊ घेतलेल्या रकमेच्या, प्रश्नाला मिळणारं उत्तर त्याच्यासाठी असतं. आणि मुलींशी बोलायचं तर पालकांची संमती, मुलीची स्वतःची तयारी आणि तिचं नाव कुठेही न येण्याची हमी, हे संस्थेच्या नीतिमत्ता समितीपुढे जाण्याआधीच स्पष्ट हवं.

या गुंत्यातून वाट काढायला मला सर्वांत उपयोगी वाटणारं साधन म्हणजे रिकामे तक्ते. निबंधात शेवटी जे तक्ते येणार, ते शीर्षकासकट, रकान्यांसकट, पण आकड्यांविना आधीच आखायचे. मग प्रत्येक चौकोनाला विचारायचं, की तू कोणत्या प्रश्नाच्या उत्तरातून भरणार? उत्तर नसेल तर प्रश्नावलीत एक प्रश्न कमी आहे. उलट प्रश्नावलीतला एखादा प्रश्न कुठल्याच चौकोनात जात नसेल, तर तो काढून टाकायचा, कारण त्यासाठी कुणाची तरी संध्याकाळची दहा मिनिटं आपण घेणार असतो. एखाद्या चौकोनात चारच मुली येतील असं दिसलं, तर टक्केवारी मांडण्याचा मोह आत्ताच सोडता येतो किंवा गावं वाढवता येतात. रिकामा रकाना, शून्य आणि ‘माहीत नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हेही तक्ता आखतानाच लक्षात येतं. संगणकात नोंदी चढवून झाल्यावर त्या वेगळ्या करणं जवळपास अशक्य असतं.

आराखडा आधी लिहून ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे आणि तो आपल्याला स्वतःपासूनच वाचवतो. हातात वीस प्रकारचे आकडे असले की त्यातल्या एखाद्या जोडीत लक्षणीय संबंध सापडतोच. मग आपण तोच शोधायला निघालो होतो, असं मनाला पटवून देणं अवघड नसतं. वैद्यकीय चाचण्यांच्या क्षेत्राने यावर उपाय म्हणून आधी नोंदणीची पद्धत आणली. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या छत्राखाली २००७ साली चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही सुरू झाली. प्रमुख निकष कोणता आणि किती रुग्ण घेणार, हे तिथे आधी जाहीर करावं लागतं. एम.ए.च्या प्रबंधाला अशी नोंदवही नाही. तरी तारीख घातलेला चार पानी आराखडा मार्गदर्शकांच्या सहीने फायलीत ठेवायला कुणाचीच हरकत नसते.

सगळं संशोधन असं रकान्यांत बसत नाही, हे मान्य. लोकगीतं गोळा करणारा किंवा एखाद्या वस्तीत वर्षभर राहून निरीक्षण करणारा अभ्यासक वाटेत प्रश्न बदलतो आणि त्याने बदलावाच. पण कुणाशी बोललो, कुणाशी बोलता आलं नाही, कोण ओळख करून देत होतं आणि कोणत्या दिवशी काय ऐकलं, याच्या नोंदींची शिस्त त्यालाही आधीच ठरवावी लागते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह केलेला पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध झाला. जमिनीचे तुकडे, कर्ज आणि घरोघरचं उत्पन्न त्यांनी कसं मोजलं, हे त्यात सविस्तर आहे. ते गाव आज पिंपरी-चिंचवडच्या इमारतींत मिसळून गेलं आहे. तरीही त्या पुस्तकातले आकडे वापरता येतात, कारण ते कसे आले हे कळतं.

या पुस्तकाची प्रकरणं प्रश्न, व्याख्या, नमुना, साधन, पथदर्शी पाहणी, नोंदी आणि संमती या क्रमाने लावली आहेत. प्रत्यक्षात हा क्रम पाळला जात नाही. पथदर्शी पाहणीतून परत आलेला माणूस बहुधा प्रश्नच बदलतो आणि तसं होणं हे पाहणी यशस्वी झाल्याचं लक्षण आहे. तेव्हा पुस्तक मागे-पुढे वाचायला हरकत नाही. एकच गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून करावी. एक वही घ्यावी, तिच्यात प्रत्येक निर्णय तारखेसह आणि कारणासह लिहावा, आणि निर्णय बदलला तर जुना न खोडता खाली नवा लिहावा. वर्षभराने पद्धतीचं प्रकरण लिहायची वेळ येईल, तेव्हा ते त्या वहीत जवळपास तयार असेल आणि उतरवून काढायला एखादी दुपार पुरेल.